कापूस गेला त्या वाटेने

१८४२ साली अमरावतीच्या एका व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादून कापूस मिर्झापूरला धाडला, असं जुनं इंग्रजी गॅझेटिअर सांगतं. मिर्झापूर गंगेच्या काठावर, अमरावतीपासून पाचशे मैलांवर. तिथून नावांनी तो माल कोलकात्याला जायचा. एक लाख हा आकडा सांगोवांगीचा असू शकेल, पण दिशेबद्दल शंका नाही. वऱ्हाडचा कापूस तेव्हा पूर्वेला जात होता. लमाणांच्या तांड्यांची वाट त्याच बाजूची होती, आणि मुंबईच्या वाटेवर सह्याद्री आडवा होता. काळ्या मातीत पाऊस पडला की बैलाचा पाय निघत नाही, म्हणून सगळी वाहतूक सुगीनंतरच्या कोरड्या महिन्यांत उरकावी लागे.

पुढच्या तीस वर्षांत हाच कापूस पश्चिमेला वळला. शेतं तीच, पेरणारे तेच, बोंडंही तीच. त्याची दिशा तेवढी बदलली आणि तिच्याबरोबर महाराष्ट्राच्या शहरांचा नकाशा बदलला. या पुस्तकाचा विषय तो बदल आहे.

शहर कुठे वसतं, या प्रश्नाला शाळेत शिकलेलं उत्तर आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्कं असतं: नदीकाठी, बंदरापाशी, किल्ल्याच्या आश्रयाने, देवस्थानाभोवती. पैठण, नाशिक, पंढरपूर, चौल, दाभोळ यांच्यापुरतं ते खरंही आहे. पण गेल्या दोनशे वर्षांत जी गावं मोठी झाली त्यांना ते लागू पडत नाही. भुसावळ का वाढलं आणि पैठण का मागे पडलं? मनमाडला पिण्याच्या पाण्याची मारामार, तरी तिथे जंक्शन आणि कारखाना. राजापूरला खाडी, बाजारपेठ आणि जुना व्यापार असूनही ते तालुक्याचं गावच का राहिलं? भूगोल तर कुणाचाच बदलला नव्हता. निर्णय बदलले होते, आणि ते घेणारी माणसं कंपनीच्या कलकत्त्यातल्या कचेरीत, लंडनमधल्या रेल्वे कंपन्यांच्या बैठकांत आणि लँकेशायरच्या गिरणीमालकांच्या मंडळांत बसलेली होती.

मुंबईचंच पाहू. ती जन्मजात मोठी होती अशी आपली समजूत आहे. चार्ल्स दुसरा या इंग्लंडच्या राजाला १६६१च्या विवाहकरारात पोर्तुगीजांकडून ही बेटं मिळाली आणि १६६८मध्ये त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. बंदर उत्तम होतं, खोल आणि वाऱ्यापासून सुरक्षित. पण कंपनीने सुरतेहून आपलं मुख्य ठाणं इथे हलवल्यावरही शंभर-सव्वाशे वर्षं मुंबईला पाठीमागचा मुलूख नव्हता. घाटाच्या वरचा प्रदेश मराठ्यांचा. बंदर होतं, पण त्यात माल आणून ओतणारा देश इंग्रजांच्या ताब्यात नव्हता. १८१८मध्ये पेशवाई बुडाली आणि मग १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. मुंबईच्या वाढीची खरी सुरुवात मी त्या रस्त्यापासून धरतो. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली तो दिवस आपण साजरा करतो, आणि करावाही. पण ३४ किलोमीटरच्या त्या सपाट प्रवासाने कापूस खाली आला नाही. तो आला १८६३ला बोरघाट आणि १८६५ला थळघाट लोहमार्गाने ओलांडल्यावर. बोरघाटात २५ बोगदे खोदावे लागले. चढ इतका तीव्र, की खंडाळ्याजवळ गाडी थांबवून उलट दिशेने पुढे न्यावी लागे. कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर त्या कड्यावर राबत होते. पटकीच्या साथी आणि सुरुंगांचे अपघात यांत त्यांतले किती गेले याचा हिशेब कुणी नीट ठेवला नाही. घाटातून गाडी जाते तेव्हा प्रवासी धबधबे पाहतात. त्या बोगद्यांत हात घालणाऱ्यांची नावं कुठल्याही दगडावर कोरलेली नाहीत, याची खंत हे पुस्तक लिहिताना सतत सोबत होती.

घाट फुटायला आणि अमेरिकेतली यादवी भरात यायला एकच गाठ पडली. १८६१ ते १८६५ या काळात दक्षिणेकडच्या राज्यांची नाकेबंदी झाली, लँकेशायरला अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि सगळी नजर मुंबईकडे लागली. त्या चार-पाच वर्षांत नेहमीपेक्षा सुमारे आठ कोटी पौंड जादा इथे आले असं त्या काळचे लेखक लिहितात. किल्ल्याचे तट याच काळात पाडले गेले, समुद्र बुजवण्याच्या कंपन्या निघाल्या, बॅकबे कंपनीच्या शेअरवर अर्धं गाव जुगार खेळलं. युद्ध थांबलं आणि १८६५मध्ये सगळा डोलारा कोसळला. शिरगणतीत हे स्वच्छ दिसतं: १८६४ला मुंबईत ८,१६,५६२ माणसं होती, १८७२ला ६,४४,४०५. पावणेदोन लाख माणसांनी घटलेलं शहर! कापसाने बोलावलेली माणसं कापसाचा भाव पडल्यावर परत गेली.

पण लोहमार्ग परत जात नाही. तो तिथेच राहिला, आणि पुढची सगळी शहरं त्याच्या रुळांवर मांडली गेली.

इथे जरा थांबून कापसाच्या वजनाचा हिशेब सांगायला हवा, कारण वऱ्हाडातली अर्धी गावं त्याने घडवली आहेत. शेतातून वेचून आणलेल्या कापसात वजनाने सुमारे दोन तृतीयांश सरकी असते. ती लांबवर वाहून नेणं म्हणजे फुकटचं भाडं, म्हणून सरकी काढण्याचं काम, जिनिंग, शेतांच्या जवळच व्हायला हवं. उरलेली रुई हलकी पण फुगीर. बैलगाडी शिगोशीग भरली तरी वजन थोडंच. बोटीत तर माल जागेच्या हिशेबाने भरतात. म्हणून रुई दाबून तिची पोलादी पट्ट्यांनी बांधलेली घट्ट गासडी करायची. दाबणारी वाफेची प्रेस अवजड, तिचा बॉयलर त्याहून अवजड. रेल्वे येण्याआधी असं यंत्र वऱ्हाडात न्यायचं कसं? म्हणून कच्च्या बांधणीचा माल मुंबईत आणून कुलाब्याला दाबत. गाडी अकोला, बडनेरा, वर्ध्यापर्यंत पोहोचली आणि प्रेस उलट्या दिशेने निघाली: कुलाब्याहून कापसाच्या मुलखात. स्टेशनाजवळ जिन, जिनच्या बाजूला प्रेस, प्रेसला लागून मालधक्का, समोर अडत्यांच्या पेढ्या, मागे मजुरांच्या झोपड्या. एवढं झालं की तालुक्याच्या गावाचा सांगाडा तयार. अकोला, मूर्तिजापूर, धामणगाव, पुलगाव, हिंगणघाट यांपैकी कुठल्याही गावाचा जुना स्टेशनरोड चालून पाहावा. जिनची लांबलचक कौलारू छपरं, कापूस वाळत घालायचं प्रशस्त आवार आणि फाटकाशी वजनकाटा अजून काही ठिकाणी शाबूत आहेत. हंगाम चार-पाच महिन्यांचा. यंत्राच्या तोंडाशी ओळीने बसून कापूस घालणाऱ्या मजुरांत बहुसंख्य बायका, आणि हवेत उडणारा तंतू दिवसभर त्यांच्या नाकातोंडात.

खामगावची हकीकत यात सर्वांत बोलकी आहे. मुख्य मार्ग खामगावला वळसा घालून गेला होता, पण तिथला कापसाचा बाजार एवढा मोठा, की केवळ त्याच्यासाठी जलंबपासून १३ किलोमीटरचा फाटा टाकला गेला, आणि १८७०मध्ये त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला. हिंदुस्थानच्या व्हाइसरॉयला बुलढाण्याच्या मुलखातल्या एका बाजारगावी यावंसं वाटलं, याचं कारण त्या गासड्या कुठे जाणार होत्या त्यात आहे. त्याच वर्षी मुंबई आणि इंग्लंड समुद्राखालच्या तारेने जोडले गेले. आता लिव्हरपूलचा भाव खामगावच्या पेढीवर कळू लागला. कापूस पिकवणाऱ्याला मात्र तो सगळ्यांत शेवटी कळे. वऱ्हाडातली शेतकऱ्याची तक्रार दीडशे वर्षांनंतरही याच एका वाक्यात सांगता येते. (जलंबच्या पुढचं स्टेशन शेगाव. तिथे १८७८पासून गजानन महाराजांचा वास होता, आणि लांबलांबच्या भक्तांना तिथे सहज जाता आलं ते कापसासाठी टाकलेल्या याच रुळांमुळे. देवस्थानं शहरं वसवतात हे खरं, पण रेल्वेने देवस्थानं किती वाढवली याचाही कुणीतरी अभ्यास करायला हवा.)

वर्धा तर पुरतं नवं गाव. पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर १८६६मध्ये जिल्ह्याचं ठाणं आखलं गेलं, रस्ते सरळ आणि रुंद. मुंबई-नागपूर मार्ग तिथून गेला, पुढे वरोऱ्याच्या कोळशाकडे फाटा निघाला आणि पालकवाडीचं जंक्शन झालं. कापसाच्या व्यापारात जम बसवलेलं बजाजांचं घराणं या गावचं, आणि त्यातल्या जमनालालजींच्या आग्रहामुळे गांधीजी १९३४मध्ये वर्ध्याला आणि १९३६मध्ये जवळच्या सेवाग्रामला आले. ज्या रुळांनी इथला कापूस मँचेस्टरला नेला, त्याच रुळांनी देशभरचे कार्यकर्ते खादीच्या कामाला इथे येत राहिले. सेवाग्राम देशाच्या मधोमध असल्याचं आपण कौतुकाने सांगतो. मधोमध असलेल्या त्या जागी गाडी थांबत होती हेही सांगायला हवं.

याच रेल्वेने पाणी आणि कोळसा भरायच्या जागी, इंजिन बदलायच्या जागी, दोन मार्ग फुटायच्या जागी दुसऱ्या जातीची गावं वसवली: इगतपुरी, मनमाड, भुसावळ, दौंड. भुसावळ म्हणजे तापीकाठचं एक खेडं. नागपूर आणि जबलपूरचे मार्ग तिथून वेगळे झाले, इंजिनांचा कारखाना आला आणि बंगले, क्लब, चर्च, कामगारांच्या ओळी यांसह रेल्वेने वसवलेलं अख्खं गाव उभं राहिलं. ब्रिटिश साम्राज्यात सगळीकडे हीच रीत होती. केनियाची राजधानी नैरोबी १८९९मध्ये युगांडा रेल्वेचा डेपो म्हणूनच सुरू झाली आणि तो मार्ग बांधणाऱ्यांत हजारो हिंदी मजूर होते. गोव्यातही हाच प्रकार पोर्तुगीज झेंड्याखाली घडला. १८७८च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदर आणि तिथून घाटमाथ्यावर जाणारा लोहमार्ग बांधला गेला, आणि बंदराला लागून वास्को उभं राहिलं.

लोहमार्ग बंदराकडे धावत होते एवढंच नाही, त्यांचे दरही बंदराकडे झुकलेले होते. बंदराला जाणाऱ्या आणि बंदरातून येणाऱ्या मालाला सवलत, देशातल्या देशात जाणाऱ्या मालाला चढा दर, ही तक्रार १९१६ साली नेमलेल्या औद्योगिक आयोगासमोरही आली. याचा अर्थ सोपा होता. वऱ्हाडची रुई जवळच्या एखाद्या गावी कातण्यापेक्षा मुंबईला पाठवणं स्वस्त पडावं अशीच घडी बसवलेली होती. धनंजयराव गाडगिळांनी १९२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी उद्योगधंद्यांच्या इतिहासावरील ग्रंथात जुनी हस्तोद्योगाची नगरं खालावणं आणि नवी व्यापारी नगरं वाढणं या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या. शहरं वाढतात म्हणजे देश पुढे जातो हे गृहीत धरू नये, हा धडा मी त्या पुस्तकातून घेतला आणि तो पानोपानी वापरला आहे.

मग मुंबईत गिरण्या का आल्या? मँचेस्टरजवळ कोळशाच्या खाणी होत्या आणि लिव्हरपूलचं बंदर. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४मध्ये कंपनी काढून ताडदेवला गिरणी उभारली तेव्हा जवळ ना कोळसा होता ना कापसाचं शेत. कोळसा इंग्लंडहून जहाजाने येई, यंत्रं लँकेशायरहून, आणि सुताचं मोठं गिऱ्हाईक चीनमध्ये. एवढ्या दूरच्या गोष्टी जिथे एकत्र येऊ शकत होत्या अशी जागा म्हणजे धक्का. भांडवलही तिथेच साठलं होतं. चीनशी चालणाऱ्या अफू आणि कापसाच्या व्यापारातून आलेलं. हा पैसा कुठून आला हे बोलायला आपण कचरतो. मुंबईच्या दानशूर घराण्यांबद्दल मला आदर आहे, आणि तरीही अफूचा उल्लेख गाळून मुंबईचा इतिहास लिहिता येत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांची संख्या ऐंशीच्या घरात गेली आणि परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी मिळून गिरणगाव झालं. त्यात माणसं आली कुठून? सर्वांत जास्त रत्नागिरी जिल्ह्यातून. या एका गोष्टीवर मी पुस्तकात सर्वांत जास्त पानं खर्च केली आहेत. कोकणात खाड्या होत्या, चौल-दाभोळ-राजापुराचा शेकडो वर्षांचा दर्यावर्दी व्यापार होता. तिथे कापूस पिकत नव्हता, म्हणून तिथे रेल्वे गेली नाही. मार्ग कठीण होता हे कारण पुरेसं नाही. बोरघाट काही सोपा नव्हता. कोकणचा संपूर्ण लोहमार्ग सुरू झाला तो १९९८ साली, मुंबई-ठाणे गाडीनंतर १४५ वर्षांनी. या मधल्या काळात कोकणातून मुंबईला गेला तो मुख्यतः माणूस. आगबोटीतून भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, गाववाल्याच्या खोलीवर पथारी टाकायची, जॉबरच्या, म्हणजे मजूर भरणाऱ्या मुकादमाच्या, ओळखीने बदली म्हणून गिरणीत लागायचं. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहा-बारा जण, जेवण खाणावळवालीकडे, आणि महिन्याच्या पगारातून गावी मनिऑर्डर. घरदार, बायकामुलं, म्हातारी माणसं आणि भाताचं खाचर गावी. आजारी पडला की तो गावी, म्हातारा झाला की गावी, संपात पगार थांबला की गावी. कामगाराला वाढवण्याचा आणि पोसण्याचा खर्च कोकणातल्या बायकांनी उचलला आणि गिरणीने फक्त त्याच्या कमावत्या वयाची किंमत मोजली, तीही अपुरी. धोबीतलाव-गिरगावात गोव्याच्या गावागावांच्या कुडी, म्हणजे सामायिक बिऱ्हाडं, होत्या, जहाजावर चाकरीला जाणाऱ्यांसाठी. त्यांचीही कथा याच घरची आहे. रत्नागिरीत मोठं शहर का वाढलं नाही, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हे आहे, की रत्नागिरीकरांचं शहर वाढलं, ते परळ-लालबागला वाढलं.

सोलापूरला १८७७मध्ये जुनी गिरणी निघाली. तिथे माणसं गोळा करण्याचे मार्ग निराळे होते: तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, दुष्काळी गावांतले शेतकरी, आणि गुन्हेगार जमाती कायद्याखाली तारेच्या कुंपणात ठेवलेल्या सेटलमेंटमधली माणसं, ज्यांना गिरणीत कामाला पाठवलं जाई. त्या कुंपणाचा विषय एका परिच्छेदात उरकणं अन्यायाचं होईल. त्यावर स्वतंत्र प्रकरण आहे.

शहराला फक्त माणसं लागत नाहीत. मुंबईच्या पाण्यासाठी विहार तलाव १८६०मध्ये झाला आणि तिथली खेडी उठली. कोळशाऐवजी वीज हवी झाली तेव्हा टाटांनी लोणावळ्याच्या माथ्यावर पाणी अडवून खोपोलीला वीजघर उभारलं. १९१५मध्ये ती वीज गिरण्यांना मिळू लागली. पुढे मुळशीच्या धरणाची पाळी आली. मावळ्यांची भातशेती बुडवून गिरण्या चालवायच्या का, हा प्रश्न १९२१मध्ये सेनापती बापट आणि त्यांच्या सोबत्यांनी उभा केला आणि शेतकरी सत्याग्रहाला बसले. धरण झालं, सत्याग्रह हरला. त्यांनी विचारलेला प्रश्न नंतरच्या प्रत्येक धरणाच्या आणि कारखान्याच्या वेळी पुन्हा विचारावा लागला आहे.

या सगळ्याविरुद्ध काही घडलंच नाही असं नाही. जमशेदजी टाटांनी आपली एम्प्रेस मिल मुंबईत न काढता नागपूरला काढली. १ जानेवारी १८७७ला ती सुरू झाली. कापूस दाराशी, वरोऱ्याचा कोळसा जवळ, कापडाचं गिऱ्हाईकही जवळ. धक्क्याऐवजी शेत निवडणारा हा हिशेब होता आणि तो यशस्वी झाला. मला त्याहून मोलाची वाटतात ती संस्थानी मुलखातली गावं. १९०४मध्ये इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग लावला, त्यामागे तिथल्या जहागीरदारांचं पाठबळ होतं. शाहू महाराजांनी १८९५मध्ये शाहूपुरीची पेठ वसवली आणि कोल्हापूरचा गूळ तिथून दूरवर जाऊ लागला. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं तेव्हा औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला. १९१०मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर, रहाट, चरक असं शेतकऱ्याला लागणारं तिथे तयार होई. लिव्हरपूलच्या भावाशी ज्याचा संबंध नव्हता असा धंदा, आणि म्हणून अशी जागा. हे नमुने थोडे आहेत, पण शहरं दुसऱ्या रीतीने वसू शकली असती याचा पुरावा म्हणून मी त्यांना बराच वेळ दिला आहे. पुणे, खडकी, कामठी, देवळाली या छावण्यांची शहरं मात्र थोडक्यात येतात. त्यांवर चांगलं लेखन आधीच झालं आहे.

पुस्तकाची मांडणी जिल्हावार नाही. गासडी ज्या क्रमाने पुढे सरकली त्या क्रमाने प्रकरणं लावली आहेत: जिनचं गाव, जंक्शन, घाट, धक्का, गिरणी, आणि मग कोकणातलं ते घर जिथे मनिऑर्डर पोहोचायची. वाचकांनी हा क्रम मोडला तरी चालेल, मात्र कोकणाचं प्रकरण शेवटचं म्हणून सोडू नये. खानदेशातल्या गिरण्यांना, म्हणजे जळगाव, धुळे, अमळनेर यांना, मी पुरेसा न्याय देऊ शकलो नाही. त्यांचा विस्तार या पुस्तकात मावणारा नव्हता. आणि एक विनंती आहे. वऱ्हाडातल्या गावोगावच्या जिन-प्रेस आता पाडल्या जात आहेत, जागेचे प्लॉट पडत आहेत. तिथे काम केलेली माणसं, विशेषतः बाया, अजून आहेत. तुमच्या गावात अशी कुणी असेल तर तिच्याकडून हंगाम कधी लागायचा, मजुरी किती आणि कुणाच्या हातून मिळायची, पाळी किती तासांची असायची, हे विचारून लिहून ठेवा.